मालकांच्या कानातलं कांडप

बहिरी माणसं ओरडून बोलतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचे मालक बघितलेले नाहीत. मालक इतकं हळू बोलायचे की समोरच्यालाच वाटावं, आपले कान गेले. सोलापुरात शाळेत नोकरी लागली आणि बाळीवेशीच्या मागच्या एका गल्लीत मी त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला घराचे नियम सांगितले. काय सांगितले ते मला आजतागायत माहीत नाही. ओठ हलत होते, एक बोट कधी छताकडं, कधी नळाकडं, कधी जिन्यातल्या चपलांकडं जात होतं, आणि मी दर वाक्याला "आं?" करत होतो. शेवटी त्यांनी माझ्याकडं फार कणवेनं बघितलं आणि आत तोंड करून बायकोला म्हणाले,

"पोरगं चांगलं हाय. पर बिचाऱ्याला ऐकायला कमी हाय."

"त्याला कुटं कमी येतंय? तुमालाच येत न्हाय की, री!"

हे उत्तर आतल्या खोलीतून निघालं, माझ्या अंगावरून गेलं, रस्ता ओलांडला आणि समोरच्या घराच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर हलवून पुढं गेलं. त्या आवाजाच्या धनीण म्हणजे मालकीणबाई. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची. माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरच्या मैंदर्गीचं, त्यामुळं नवऱ्याला 'अहो' न म्हणता कानडी बायका म्हणतात तसं 'री' म्हणायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा म्हणे अव्वांचा आवाज कोकिळेसारखा होता. असेल. मी गेलो तोवर त्या कोकिळेचा भोंगा झालेला होता. नवऱ्याला ऐकू जावं म्हणून तीस-पस्तीस वर्षं ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा कमावला गेला होता की त्यांनी "जेवायला चला" म्हटलं की गल्लीतली निम्मी घरं हात धुवायला उठायची. रोज सकाळी "री, पोट साफ झालं का?" हा प्रश्न बाळीवेशीपर्यंत जायचा. मालकांचं उत्तर मात्र उंबऱ्यापर्यंतही यायचं नाही. त्यामुळं गल्ली बिचारी दिवसभर काळजीत.

म्हणजे बघा, त्या नवराबायकोच्या संसारातलं अर्धं संभाषण सगळ्या गल्लीला पाठ होतं आणि उरलेलं अर्धं कुणालाच माहीत नव्हतं. सून का रुसली, व्याह्यांनी काय पाठवलं, मालकांच्या मांडीवरचा गजकर्ण आता कसा आहे, सगळं आम्हाला कळायचं. कुणाच्या घरात असं कुठं असतं का? पण गल्लीला त्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर चटक लागली होती.

मालकांचा धंदा मिरची कांडपाचा. तळमजल्यावर पत्र्याची मोठी खोली, तिच्यात विजेवर चालणारं कांडप. लोखंडी मुसळं ओळीनं वर जायची आणि उखळात पडायची, धाड धाड धाड. उन्हाळ्यात मसाल्याचा हंगाम सुरू झाला की आमची माडी अशी हलायची की मी एकदा दाढी करायला बसलो आणि भुवई काढून उठलो. या आवाजात सगळं जग बहिरं व्हायचं आणि मालक तेवढे शहाणे उरायचे, कारण त्यांना लहानपणापासून ओठ वाचायची सवय. म्हणून मालकांचा एक नियम होता, हा मात्र मला नंतर कळला. कुठलीही महत्त्वाची बोलणी करायची ती चालू कांडपाशेजारी उभं राहून.

"हितं सगळे सारके," ते म्हणायचे. आता 'सारखे' म्हणायचे की 'पारखे' ते माहीत नाही, कारण ऐकलं कुणी होतं?

त्यांच्या मुलीची सोयरीकसुद्धा तिथंच जमली. व्याही कुर्डुवाडीचे, रेल्वेत होते. रेल्वेचा माणूस म्हणजे आवाजाला सरावलेला असणार म्हणून मालक जरा धास्तावले होते. पण व्याही कांडपापाशी उभे राहिले आणि मालक जे जे बोलतील त्याला भिडेखातर मान हलवत गेले. बाहेर आल्यावर त्यांना कळलं की लग्न सोलापुरात, वऱ्हाड स्वतःच्या खर्चानं आणायचं, आणि बँडही कुर्डुवाडीहून आणायचा, हे सगळं त्यांनी आनंदानं कबूल केलेलं आहे. मी माझ्या खोलीतला नळ गळतो ही तक्रार तिथं उभं राहून वर्षानुवर्षं केली. मालक दर वेळी माझ्या पाठीवर थाप मारून मनापासून म्हणायचे, "लई छान. असंच राहा."

आणखी एक सांगतो, खोटं वाटेल. मालक दातानं ऐकायचे. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा, आणि त्याची वेळ ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. मालक स्वयंपाकघरातलं लांब दांड्याचं उलथनं घ्यायचे, एक टोक दातांत धरायचे, दुसरं अंगणातल्या नळाच्या पाइपाला टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. पाणी लांब कुठं टाकीपासून निघालं असलं तरी यांच्या दाढेत खुळखुळायचं. "आलं," असं ते पुटपुटले की अव्वा पुकारा करायच्या, आणि सगळी गल्ली घागरी घेऊन बाहेर. रेडिओ ऐकायचा तर त्याचा कोपरा चावायचे. घरातल्या रेडिओचा एक कोपरा उंदरानं खाल्ल्यासारखा दिसायचा. पाहुणे उंदराचं औषध सुचवायचे.

पण मालकांचा खरा लौकिक वेगळ्याच गोष्टीसाठी होता. मालक शिंक गिळायचे.

हे समजायला कांडपवाल्यांचा धर्म समजला पाहिजे. बाई वर्षाचा मसाला घेऊन येते. धणे, खोबरं, तीळ, मिरच्या, सगळं तिनं स्वतःच्या हातानं निवडलेलं, भाजलेलं. ती समोर बसून असते. अशा वेळी कांडपवाला शिंकला तर संपलं, ती बाई तो मसाला तिथंच सोडून जाते आणि पुढची सात वर्षं दुसऱ्या कांडपावर जाते. आणि कांडपात तर हवेतच तिखट. म्हणून या धंद्यातली माणसं शिंक आली की नाक चिमटीत धरतात, तोंड मिटतात आणि शिंक आतल्या आत जिरवतात. बाकीचे कांडपवाले एक जिरवतील, दोन जिरवतील. आमचे मालक अख्ख्या हंगामाच्या शिंका पोटात घेऊन बसायचे. चेहरा लाल व्हायचा, डोळे बाहेर यायचे, टोपी बोटभर वर उचलली जायची आणि खाली बसायची. आवाज नाही. बायका कौतुकानं बघत राहायच्या. "मालकांच्या कांडपावर आजवर शिंक सांडली न्हाय," हे वाक्य आमच्या भागात हॉलमार्कसारखं चालायचं.

आता त्यांच्या कानाकडं येतो. लहानपणी मालकांचे कान वाहायचे. त्यांच्या आजीनं लसणाचं तेल घातलं, मावशीनं ओव्याची धुरी दिली, आत्यानं काय घातलं ते तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. कान वाहायचा थांबला, पुन्हा लागला, पुन्हा थांबला. डाव्या कानाला आरडाओरडा तेवढा पोचायचा, उजव्याला तोही नाही. मालकांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. पण एके दिवशी कांडपावर उभे असताना त्यांना अशी चक्कर आली की ते बँकवाल्या काकूंच्या मिरच्यांच्या ढिगावर आडवे झाले. बँकवाल्या काकू म्हणजे समोरच्या घरातल्या. नवरा बँकेत, आणि स्वच्छतेचं वेड असं की मसाला कांडायला येताना बसायचा पाट घरून आणायच्या. काकू मिरच्यांसाठी रडल्या, अव्वा मालकांसाठी रडल्या, आणि मी रिक्षा आणली.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि धीराच्या होत्या. त्यांनी दुर्बिणीतून आत बघितलं आणि समजावून सांगितलं की कानात एक रोग वाढलाय, तो हळूहळू हाडं खातो. पडद्याच्या मागं तीन इवलीशी हाडं असतात. एक हातोडीसारखं, एक ऐरणीसारखं, एक घोड्याच्या रिकिबीसारखं. आवाज पडद्यावर आपटतो, हातोडी ऐरणीला मारते, ऐरण रिकिबीला ढकलते आणि रिकीब तो आत पोचवते. मालकांच्या उजव्या कानातली ऐरण रोगानं खाल्ली होती.

मी हे कागदावर लिहून मालकांना दाखवायला लागलो, तर त्यांनी चित्र बघूनच माझा हात धरला. चेहरा उजळला.

"सर, म्हंजे माज्या कानात कांडप हाय की!"

"तसंच समजा."

"आन मुसळ हाय, उखळ हाय, मधला दांडा गेलाय."

"हो काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोच दांडा नवीन बसवायचा." मग त्यांनी चिमट्यासारखा एक ट्यूनिंग फोर्क वाजवून मालकांच्या कानामागच्या हाडावर टेकवला. मालक एकदम ताठ झाले. हाडावाटे त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, आतली नस शाबूत आहे, पुढं ऐकू येण्याची आशा आहे. मालकांनी तो चिमटा मागितला आणि चावून बघितला. "झकास," ते म्हणाले. "ह्यो किती दिवस ठिवायचा दातात?"

आधी रोग काढायचं ऑपरेशन झालं. मग काही महिन्यांनी, कान कोरडा आहे ना हे बघून, हाड बसवायचं ठरलं. आणि इथं मालकांनी वाद घातला. डॉक्टरीणबाईंनी टायटॅनियमचं एवढंसं हाड दाखवलं. ज्वारीच्या दाण्याशेजारी ठेवलं तर ज्वारी थोराड दिसावी. मालकांनी ते भिंग लावून, उजेडात धरून बघितलं.

"ह्ये टिकतंय?"

"काका, जन्मभर."

"कांडपाला मी गनमेटलचं बुश टाकतो. त्ये घासलं तरी आवाज करत न्हाय. तसलं का न्हाय बसवत?"

"कानात गनमेटल चालत नाही, काका."

"तुमी बसवून बघितलंय का?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. शेवटी अव्वा बाहेरच्या बाकावरून, दोन दारांच्या पलीकडून म्हणाल्या, "री, गुमान बसवून घ्या की त्या म्हणत्यात ते!" आणि रुग्णालयातले सगळे रुग्ण आपापल्या जागी गुमान बसले.

ऑपरेशन कानापुरती भूल देऊन झालं, मालक जागे होते. हाड बसवल्यावर बाईंनी हळू आवाजात विचारलं, "काका, ऐकू येतंय?" मालक गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. बाईंच्या कपाळावर घाम. मग टेबलावरून अगदी शांत आवाज आला,

"मगाशी नर्सबाई म्हनल्या, म्हाताऱ्याच्या कानातनं पावशेर मिरची निघंल. त्ये चूक हाय. आमी माल सांडत न्हाय."

नर्सबाईंच्या हातातला ट्रे खाली पडला, आणि तो पडल्याचा आवाजही मालकांनी ऐकला आणि दाद दिली. मग कानात औषधाच्या पट्ट्या ठासून भरल्या, वर पट्टी बांधली, आणि जे उघडलं होतं ते पुन्हा बंद झालं. काही आठवडे तसंच ठेवायचं होतं. बाईंनी मला आणि अव्वांना बजावलं: वजन उचलायचं नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. "आणि सगळ्यात महत्त्वाचं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. दाबायची नाही. दाबली तर सगळा जोर कानात जातो. हाड अजून रुजलेलं नाही, सरकलं तर सगळं वाया."

अव्वा माझ्याकडं बघायला लागल्या, मी अव्वांकडं. जगात ज्याला शिंक सोडता येत नाही असा एकच माणूस आम्हाला माहीत होता. आणि हंगाम मसाल्याचा.

कांडप बंद ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा ठरलं की अव्वा कांडप चालवतील आणि मालकांना कांडपापासून लांब ठेवायचं. लांब म्हणजे कुठं? माझ्या खोलीत. अशा रीतीनं आमचे मालक माझे भाडेकरू झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उठवलं.

"सर, ह्यो नळ गळतोय."

मी हातांनी खुणा केल्या की होय, गेली काही वर्षं.

"मग मालकाला सांगत न्हाय का तुमी? असल्या खोलीत माणूस राहातो व्हय? ह्या छताला बघा ओल. मालक कोण हाय हितला? त्याला बोलवा." आणि मग आपलंच कपाळ धरून बसले. दुपारपर्यंत प्लंबर आला. संध्याकाळपर्यंत ओल खरडून झाली. त्या मुक्कामात माझ्या खोलीची जेवढी डागडुजी झाली तेवढी बांधली तेव्हाही झाली नसेल.

शिंकेचं शिक्षण रोज चालायचं. मी तपकीर ओढायचो, तोंड उघडून शिंकायचो, मालक समोर बसून बघायचे. "पुन्ना," म्हणायचे. मी पुन्हा. माझं नाक सुजलं. शाळेत मुलं म्हणायला लागली की सर रडून येतात. पण मालकांना साधं कळत नव्हतं की माणूस जाणूनबुजून तोंड उघडून दुसऱ्यासमोर शिंकतो कसा. "लाज वाटत न्हाय का तुमाला?" ते मलाच विचारायचे.

एका दुपारी मी असाच शिंकून दमून बसलो होतो. खाली कांडप धाडधाडत होतं, खिडक्यांना तिखट येऊ नये म्हणून अव्वांची ओली लुगडी बांधलेली. मी कागदावर लिहिलं: आता ऐकू आलं की सगळ्यात आधी काय ऐकणार? मला वाटलं नातू म्हणतील, भजन म्हणतील.

मालकांनी कागद वाचला. खिडकीकडं बघितलं. मग मला जवळ बोलावून सांगितलं, म्हणून मला ऐकू आलं.

"सर, लगीन झाल्यावर पैलं वरीसभर माजा डावा कान बरा हुता. रात्री ती कानात बोलायची. काय बी. आज सासूनं काय केलं, जाऊनं काय केलं. हसायची. वारं लागायचं कानाला तिच्या बोलण्याचं." त्यांनी कानावरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "मग त्यो बी कान गेला. तवापासनं ती बोलती ती गल्लीला बोलती. मला आपलं त्यातनं मिळतंय. एकदा मला एकट्याला बोललेलं ऐकायचं हाय. बास."

मी पुन्हा तपकीर ओढली, आणि या वेळी शिंक मुद्दाम करावी लागली नाही.

पट्ट्या काढायला अगदी थोडे दिवस उरले असताना मालकांनी घात केला. मी शाळेतून आलो तर खोली रिकामी. खालून कांडप बंद झालेलं, म्हणजे एका गिऱ्हाइकाचं झालं, दुसऱ्याचं चढायचं होतं. मालक एक नजर टाकायला म्हणून खाली उतरले होते. धंद्याच्या माणसाला हंगामात माडीवर कोंडून ठेवणं म्हणजे काय सोपं आहे? मी जिन्यावरून बघतोय, तर उखळाशेजारी धुतलेल्या कापडावर बँकवाल्या काकूंचा वर्षाचा मसाला. काळाभोर, तेल सुटलेला, डोंगरासारखा. काकू आपल्या पाटावर. अव्वा चाळणीशी. आणि मालक त्या डोंगरासमोर वाकून बोटानं मसाला चाचपतायत.

त्यांचा चेहरा लाल व्हायला लागलेला मला दिसला. डोळे बाहेर आले. टोपी उचलायला लागली. आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं उजवा हात नाकाकडं गेला, चिमूट बसली, ओठ मिटले.

"मालक!" मी ओरडलो. कुणाला? एक कान पट्ट्यांनी बंद, दुसऱ्याला अव्वांचाच काय तो आवाज पोचायचा.

अव्वांनी मान वर केली. चाळणी भिरकावली. त्या वयात ती बाई मसाल्याच्या ढिगावरून उडी मारून गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. नवऱ्याचा हात धरून हिसका दिला.

"बिडरी! मूगु बिडरी!" म्हणजे सोडा, नाक सोडा. हात सुटला, पण तोंड मिटलेलंच. तेव्हा अव्वांनी दोन्ही हातांनी त्यांचा जबडा धरला आणि म्हशीला औषध पाजताना उघडतात तसा उघडला. "शिंका! शिंका त्या मसाल्यात! जाऊ दे मेलं कांडप खड्ड्यात!"

आणि मालक शिंकले. चाळीस हंगामांची शिंक होती ती. मसाल्याचा डोंगर उठला आणि काळा ढग होऊन दारातून बाहेर पडला. काकू पाटासकट मागं सरकल्या. मी जिन्यावर शिंकलो, समोरचा शिंपी शिंकला, रस्त्यानं चाललेला रिक्षावाला शिंकून शेजारच्या ओट्यावर चढला, आणि सगळी गल्ली घटकाभर एका सुरात शिंकत राहिली. ढग खाली बसला तेव्हा मालक लहान मुलासारखे उभे होते. कांडपाची अब्रू जमिनीवर पडलेली. तोंडावरून पाणी. ते तिखटानं की कशानं, मी विचारलं नाही.

बँकवाल्या काकूंना वाचा फुटली. "अहो, माझा वर्षाचा मसाला! आता हा कोण खाईल?"

"आमी खाऊ की," अव्वा म्हणाल्या. "घरात आमचा वर्षाचा डबा भरून ठिवलाय, त्यो तुमी न्या. त्यात कुणी शिंकलं न्हाय." आणि खरंच त्यांनी स्वतःचा मसाला काकूंच्या डब्यात ओतला. त्या वर्षभर मालकांच्या घरात स्वतःच्या शिंकेची आमटी झाली. चव चांगली होती. मी खाल्लीय.

पट्ट्या काढल्या त्या दिवशी मी रजा काढली होती. अव्वा पदर दातांत धरून उभ्या. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या एकेक काढल्या, आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग मालकांच्या मागं जाऊन अगदी कुजबुजून म्हणाल्या, "चिंच."

"चिंच," मालक म्हणाले.

"कुलूप."

"कुलूप. आन तुमचं घड्याळ टिकटिक करतंय, त्येबी येतंय."

हाड जागेवर होतं. बाई म्हणाल्या की कान नव्यासारखा अगदी पुरता होणार नाही, पण बोलणं येईल. अव्वांना राहवलं नाही. त्या पुढं झाल्या आणि आनंदानं म्हणाल्या,

"री! आता येतंय नव्हं?"

मालक खुर्चीवरून उठून भिंतीला जाऊन टेकले. दोन्ही हात कानांवर. "अगं! मारतीस का काय!"

तिथून खरी गंमत सुरू झाली. मालकांना सगळं ऐकू यायला लागलं आणि सगळ्यात जास्त अव्वा ऐकू यायला लागल्या. त्या "चहा" म्हणाल्या की ते दचकायचे. त्या भांडं ठेवायच्या की ते अंगणात जायचे. "हळू बोल की," ते आर्जवानं म्हणायचे. "हळूच बोलतेय की!" हे उत्तर पार्क चौकात ऐकू जायचं. अव्वांचा तरी काय दोष? त्यांच्या आवाजाला पहिला गियरच उरलेला नव्हता. त्या माडीवर माझ्याकडं सरावाला यायच्या. माझ्या कानाशी तोंड आणायच्या, श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "सर, आता हळू झालं का?" समोरून बँकवाल्या काकू उत्तर द्यायच्या, "नाही हो, अव्वा, अजून नाही!"

मनातली इच्छा काही मालकांनी अव्वांना सांगितली नाही. पण संध्याकाळी ते अंगणात उजवा कान घराकडं करून बसायचे. अव्वा दारापर्यंत यायच्या, तोंड उघडायच्या आणि काहीच न बोलता परत फिरायच्या. ओरडून ज्याला तीस वर्षं सगळं सांगितलं, त्याच्याशी हळू काय बोलायचं असतं, हेच त्या विसरल्या होत्या. आता घरातून आवाजच येईना. गल्ली म्हणायला लागली, ऑपरेशन बिघडलं बहुतेक. मलाही मनातून वाटायला लागलं, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते काही या माणसाला मिळत नाही.

मग एका रविवारी सकाळी वीज गेली. कांडप थांबलं. मी गॅलरीत दात घासत उभा होतो. खाली अंगणात मालक ओट्यावर, शेजारी अव्वा मिरच्यांचे देठ खुडत बसलेल्या. बँकवाल्या काकू नळापाशी घागर घेऊन उभ्या, कान नेहमीसारखे टवकारलेले. अव्वांनी सहज मान वर केली. त्यांना काहीतरी दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावर बोलायची ऊर्मी अशी आली की मला वाटलं, आता गल्ली हादरणार. तोंड उघडलं. पण जे बोलायचं होतं ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं. अव्वा तशाच थांबल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग पदर तोंडापुढं धरला, नवऱ्याच्या उजव्या कानाकडं झुकल्या आणि काहीतरी बोलल्या.

मला काही ऐकू आलं नाही. काकूंनाही नाही, त्या घागर तशीच टाकून दोन पावलं पुढं आल्या, तरी नाही.

मालक आधी जागच्या जागी थिजले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते असे हसले की ओट्यावरून घसरून मिरच्यांत बसले, आणि अव्वा त्यांच्या पाठीवर चापट्या मारत आणखी बोलत राहिल्या, तशाच, कानात, हळू. मालकांनीही मान वळवून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. आता अव्वा हसायला लागल्या.

काकूंनी वर माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले, मला काय माहीत म्हणून. तेव्हा त्या दोघा म्हाताऱ्यांनी एकदम मान वर करून माझ्याकडंच बघितलं, एकमेकांकडं बघितलं आणि पुन्हा फुटले.

मी शर्टाची बटणं बघितली. लेंग्याची नाडी बघितली. तोंडावरचा फेस पुसला आणि मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.